उंदराची स्तनग्रंथी आणि संप्रेरके: रिसेप्टर एका पेशीत, विभाजन शेजारच्या पेशीत, असे का?

वैदेही_प्राणि (प्रश्न)

नमस्कार. मी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मादी उंदराच्या स्तनग्रंथीची वयात येतानाची वाढ हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. आमच्याकडे सी५७ब्लॅक/६ वाणाचे उंदीर आहेत. चौथ्या जोडीतील, म्हणजे जांघेजवळच्या, ग्रंथीचे होल माउंट करून (संपूर्ण ग्रंथी काचपट्टीवर पसरून रंगवून) मी नलिका किती लांब गेल्या आणि त्यांच्या टोकांवर किती एंड बड (वाढीची फुगीर टोके) आहेत हे मोजते. तीन आठवड्यांच्या मादीत नलिकांचे लहानसे झुडूप स्तनाग्राजवळच असते आणि सहा आठवड्यांपर्यंत ते लसीका गाठ ओलांडून पुढे जाते. जिचे अंडाशय लहान वयातच काढले आहेत अशा मादीत ते जागच्या जागी राहते आणि तिला इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) टोचले की नलिकांच्या टोकांना पुन्हा जाडसर एंड बड येतात. इथपर्यंत सारे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे आहे.

त्यानंतर मी याच ग्रंथींचे पातळ काप घेऊन दुहेरी रंगकाम केले. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर (संप्रेरक ओळखणारे प्रथिन), म्हणजे ईआर-अल्फा, एका रंगाने आणि विभाजनाची खूण असलेले केआय-६७ दुसऱ्या रंगाने दाखवले, तेव्हा दोन्ही रंग एकाच पेशीच्या केंद्रकात जवळजवळ कुठेच सापडले नाहीत. ज्या पेशीला इस्ट्रोजेन ऐकू येते ती विभागत नाही आणि जी विभागते तिच्याकडे रिसेप्टर नाही, असा याचा अर्थ होतो. शिवाय आमच्या विभागातील एका वरिष्ठ विद्यार्थ्याने एपिथेलियमच्या, म्हणजे नलिकांच्या अस्तराच्या, पेशी वेगळ्या काढून बशीत वाढवल्या आणि त्यांना नुसते इस्ट्राडायॉल दिले, तर त्यांच्या संख्येत काहीच फरक पडला नाही. मग जिवंत प्राण्यात हेच संप्रेरक एवढी वाढ कशी घडवते? की ते स्तनग्रंथीवर काही करतच नाही आणि सारा परिणाम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या मार्फत होतो? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पेशीजाल

रंगकामावर शंका घेऊ नका. तुम्हाला दिसले ते खरेच तसे आहे आणि अनेक प्रयोगशाळांना तेच दिसले आहे. नलिकेच्या आतल्या थरातील काही पेशींतच ईआर-अल्फा असतो, बाहेरच्या मायोएपिथेलियल थरात तो नसतो, आणि एंड बडच्या अगदी पुढच्या टोकावर असलेल्या कॅप पेशींतही तो नसतो, जरी विभाजन तिथेही जोरात चालू असते. म्हणजे निरोप घेणारी पेशी वेगळी आणि तो ऐकून कामाला लागणारी पेशी वेगळी.

हे सिद्ध कसे झाले ते समजून घेण्यासारखे आहे, कारण मध्यंतरी या विषयात बरीच गल्लत झाली होती. १९५९ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे डी-ओम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पण फार उपयोगी पद्धत काढली. मादी तीन आठवड्यांची असताना तिच्या चौथ्या ग्रंथीतील नलिका लसीका गाठीपर्यंत पोचलेल्या नसतात. तेव्हाच स्तनाग्राकडचा भाग नलिकांसकट कापून टाकला, तर पलीकडे एपिथेलियम नसलेली रिकामी फॅट पॅड (चरबीची गादी) उरते. तिच्यात दुसऱ्या उंदराच्या ग्रंथीचा बारीकसा तुकडा रोवला की तो तिथे नवे नलिकाजाल पसरवतो. त्यामुळे एपिथेलियम एका जनुकप्रकाराचे आणि भोवतालचा स्ट्रोमा (आधार देणारी ऊती) दुसऱ्या जनुकप्रकाराचा अशी जोडी हवी तशी जुळवता येते.

ईआर-अल्फाचे जनुक निकामी केलेला पहिला उंदीर १९९३ मध्ये तयार झाला. त्या मादीच्या नलिका जन्माच्या वेळच्या अवस्थेतच राहतात. मात्र रिसेप्टर एपिथेलियममध्ये हवा की स्ट्रोमामध्ये, या प्रश्नावर त्या वाणाच्या ऊती वापरून निघालेली उत्तरे एकमेकांशी जुळेनात. काही प्रयोगांत स्ट्रोमाचे पारडे जड होते, तर काहींत दोन्ही ठिकाणी रिसेप्टर लागतो असे दिसले. या गोंधळाचे एक मोठे कारण असे की त्या पहिल्या वाणात रिसेप्टरचा थोडा कार्यक्षम अंश शिल्लक राहत होता. ज्या वाणात ईआर-अल्फाचा मागमूसही नाही तो वापरून ब्रिस्केन यांच्या गटाने २००६ मध्ये रोपणाचे प्रयोग पुन्हा केले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. रिसेप्टर नसलेले एपिथेलियम निरोगी फॅट पॅडमध्येही वाढले नाही. उलट निरोगी एपिथेलियम रिसेप्टर नसलेल्या स्ट्रोमात व्यवस्थित वाढले.

तुमच्या प्रश्नाचे नेमके उत्तर मात्र त्याच शोधनिबंधातील मिश्रणाच्या प्रयोगात आहे. रिसेप्टर नसलेल्या एपिथेलियल पेशी एकट्या रोवल्या की त्या ढिम्म राहतात, पण त्याच पेशी निरोगी पेशींत मिसळून रोवल्या की त्या विभागतात, नलिकांत शिरतात आणि सर्व अवस्थांत सामील होतात. त्यांना स्वतःला इस्ट्रोजेन कळत नाही. शेजारणीला कळले तरी त्यांचे काम भागते.

आता शेजारीण काय सांगते ते पाहू. ईआर-अल्फा असलेली पेशी इस्ट्रोजेन मिळताच अॅम्फिरेग्युलिन नावाचे प्रथिन बनवते. ईजीएफ या वाढघटकांच्या कुळातील अनेक प्रथिने स्तनग्रंथीत असली, तरी वयात येताना इस्ट्रोजेनमुळे ठळकपणे वाढणारे हेच आहे. ते आधी पेशीच्या आवरणाला चिकटलेले असते, एडीएएम-१७ हे विकर ते कापून मोकळे करते, आणि मोकळे झालेले प्रथिन स्ट्रोमातील पेशींवरच्या ईजीएफ रिसेप्टरला जाऊन भिडते. या वळणाकडे नीट लक्ष द्या. तो ईजीएफ रिसेप्टर एपिथेलियममध्ये नसला तरी नलिका वाढतात, पण स्ट्रोमात नसला तर वाढत नाहीत. त्यानंतर स्ट्रोमा एफजीएफ या दुसऱ्या वाढघटक-कुळातील प्रथिने एपिथेलियमकडे परत पाठवतो आणि तेव्हा कुठे एंड बडमधील पेशी विभागू लागतात. म्हणजे संप्रेरक एपिथेलियममध्ये शिरते, तिथून संदेश बाहेर स्ट्रोमात जातो आणि पुन्हा आत येतो. एवढी वळणे समोर ठेवली की बशीतल्या पेशी का हलल्या नाहीत ते सहज कळते. तिथे स्ट्रोमाच नव्हता. त्यात भर म्हणजे प्लास्टिकच्या सपाट पृष्ठावर वाढवलेल्या पेशी आपला ईआर-अल्फा लवकर गमावून बसतात.

सारा परिणाम पीयूषिकेमार्फत होतो का, तर नाही. अंडाशय काढलेल्या मादीच्या एकाच ग्रंथीत इस्ट्राडायॉल हळूहळू सोडणारी प्लास्टिकची इवलीशी गोळी बसवण्याचा प्रयोग डॅनियल आणि सिल्बरस्टीन यांच्या गटाने १९८७ मध्ये केला होता. एंड बड गोळीच्या आसपासच फुलले. परिणाम दूरच्या ग्रंथीमार्फत होत असता, तर शरीरातील बाकीच्या ग्रंथींतही ते दिसायला हवे होते.

अंतःस्रावी

पेशीजाल यांनी दिलेली माहिती बरोबर आहे, पण शेवटच्या परिच्छेदामुळे पीयूषिकेला अगदीच बाजूला सारल्यासारखे वाटेल, म्हणून थोडी भर घालतो. इस्ट्रोजेन स्थानिक पातळीवर काम करते हे खरे असले, तरी पीयूषिका काढून टाकलेल्या प्राण्यात तेच इस्ट्रोजेन जवळजवळ निष्प्रभ ठरते. १९८७ च्या त्या प्रयोगातील माद्यांचे अंडाशय काढलेले होते, पीयूषिका शाबूत होती, हे विसरून चालणार नाही.

या बाबतीतले मुळातले काम रॅटवर लायन्स यांनी आणि उंदरावर सत्यब्रत नंदी यांनी १९५० च्या दशकात केले. नंदी यांचे काम बर्कलेतलेच, सी३एच वाणाच्या उंदरांवरचे, १९५८ चे. त्यांनी अंडाशय, अधिवृक्क (मूत्रपिंडावरील ग्रंथी) आणि पीयूषिका या तिन्ही ग्रंथी काढून प्राणी संप्रेरकांच्या दृष्टीने कोरा केला आणि मग एकेक संप्रेरक परत देत कोणत्या मिश्रणाने काय घडते ते पाहिले. नलिका लांबण्यासाठी इस्ट्रोजेनच्या जोडीला वृद्धिसंप्रेरक आणि अधिवृक्काची स्टेरॉइडे, दुग्धकोष्ठिका (दूध बनवणारे कप्पे) भरण्यासाठी त्यांच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन, आणि दूध उतरण्यासाठी प्रोलॅक्टिन व अधिवृक्काची स्टेरॉइडे, असा ढोबळ क्रम त्यातून पुढे आला. जनुके निकामी करण्याचे तंत्र येण्याच्या कितीतरी आधी, केवळ शस्त्रक्रिया आणि सुई यांच्या बळावर हे नकाशे तयार झाले, आणि आजही ते फारसे खोडावे लागलेले नाहीत. आजचे विद्यार्थी ते मूळ निबंध वाचत नाहीत याची मला खंत वाटते.

वृद्धिसंप्रेरकाचे काम प्रामुख्याने आयजीएफ-१ या वाढघटकाच्या मार्फत चालते. वृद्धिसंप्रेरकाचा रिसेप्टर स्ट्रोमात लागतो आणि तिथे आयजीएफ-१ तयार होऊन ते एपिथेलियमला मिळते. ज्या उंदरात आयजीएफ-१ चे जनुकच नाही, त्याला वृद्धिसंप्रेरक आणि इस्ट्राडायॉल दोन्ही दिले तरी एंड बड येत नाहीत, पण आयजीएफ-१ आणि इस्ट्राडायॉल दिले की येतात. तुमच्या वरिष्ठांच्या बशीत याचाही अभाव असणार. अखंड ग्रंथी शरीराबाहेर माध्यमात वाढवण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात मादीला आधी काही दिवस इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन देऊन तयार करतात आणि नंतर माध्यमात इन्सुलिन, प्रोलॅक्टिन, आल्डोस्टेरॉन आणि हायड्रोकॉर्टिसोन घालतात. त्यातील इन्सुलिनची मात्रा एवढी मोठी असते की ते आयजीएफ-१ च्या रिसेप्टरवरही काम करते.

वैदेही_प्राणि

आपल्या दोघांचे मनापासून आभार. बशीतील प्रयोगाचे कोडे माझ्यापुरते सुटले. आणखी एक शंका आहे. प्रबंधासाठी मी बारा आठवड्यांच्या काही कुमारी माद्यांचेही होल माउंट केले आहेत. तोवर नलिका फॅट पॅडच्या कडेपर्यंत पोचून एंड बड नाहीसे झालेले असतात, ते ठीक. पण एकाच पिंजऱ्यातील, एकाच दिवशी जन्मलेल्या दोन माद्यांमध्ये एकीच्या नलिकांना आखूड बाजूच्या फांद्या भरपूर आहेत आणि दुसरीच्या नलिका जवळजवळ उघड्या आहेत. माझ्या मार्गदर्शकांना हा रंगकामातील फरक वाटतो.

होलमाउंटवाली

कार्माइन कमी मुरले तर फांद्या फिक्या दिसतील, नाहीशा होणार नाहीत. कार्नॉय द्रावणात नीट स्थिरीकरण झाले असेल, ऊती रात्रभर कार्माइन-अॅलममध्ये राहिली असेल आणि झायलीनमध्ये चरबी पूर्ण पारदर्शक झाली असेल, तर सूक्ष्मदर्शीखाली लसीका गाठ गडद दाण्यासारखी दिसते आणि बारीकातली बारीक फांदीही सुटत नाही. तुमच्या काचपट्टीवर लसीका गाठ ठसठशीत दिसत असेल, तर रंगकाम निर्दोष समजा आणि त्या दोन माद्या ऋतुचक्राच्या कोणत्या दिवशी मारल्या होत्या ते वहीत शोधा. मला वाटते, तिथे नोंदच सापडणार नाही.

मादी उंदराचे ऋतुचक्र चार ते पाच दिवसांचे असते (प्रोइस्ट्रस, इस्ट्रस, मेटइस्ट्रस, डायइस्ट्रस या त्याच्या अवस्था) आणि प्रौढ कुमारी मादीच्या ग्रंथीत प्रत्येक चक्रागणिक थोडी वाढ आणि थोडी झीज चालू असते. डायइस्ट्रसमध्ये, म्हणजे प्रोजेस्टेरॉनची पातळी चढलेली असताना, बाजूच्या फांद्या आणि क्वचित लहानशा कोष्ठिका दिसतात. पुढच्या दिवसांत पेशी मरून त्या पुन्हा ओसरतात. म्हणून प्रौढ मादीच्या बाबतीत नुसते वय लिहून भागत नाही. योनिमार्गातील पेशींचा लेप रोज सकाळी ठरावीक वेळी काचपट्टीवर घेऊन पाहावा. केंद्रक असलेल्या गोल पेशी दिसल्या तर प्रोइस्ट्रस, केंद्रक नसलेल्या पत्र्यासारख्या चपट्या पेशी दिसल्या तर इस्ट्रस, पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली तर डायइस्ट्रस, आणि सरमिसळ असेल तर मेटइस्ट्रस. एका दिवसाच्या लेपावर निष्कर्ष काढू नये; सलग दोन-तीन चक्रे पाहिली की मादी नियमित आहे की नाही ते कळते.

इथे पिंजऱ्याचाही प्रश्न येतो आणि तो बहुतेक जण विचारात घेत नाहीत. नराचा वासही नसलेल्या खोलीत पुष्कळ माद्या एकत्र ठेवल्या तर त्यांची चक्रे लांबतात, काहींची थांबतात आणि काहींना खोटे गर्भारपणही येते. १९५० च्या दशकात व्हॅन डर ली आणि बूट यांनी हे दाखवले. नराच्या पिंजऱ्यातील मळका भुसा माद्यांच्या पिंजऱ्यात टाकला की थांबलेली चक्रे पुन्हा सुरू होतात आणि तिसऱ्या दिवशी पुष्कळशा माद्या एकदमच इस्ट्रसमध्ये येतात. हा व्हिटन यांचा शोध. तुमच्या दोन माद्या एकाच पिंजऱ्यात होत्या एवढ्यावरून त्यांची संप्रेरके सारखी होती असे मुळीच म्हणता येत नाही. खुराकात सोयाबीन किती आहे तेही पाहा, कारण त्यातील आयसोफ्लेव्होन इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर काम करतात आणि खुराकाचे पोते बदलले की निकाल हलू शकतात.

वाणाचा मुद्दा राहिलाच. बाल्ब/सी वाणाच्या कुमारी मादीत बाजूच्या फांद्या सी५७ब्लॅक/६ पेक्षा मुळातच जास्त असतात, कारण ती प्रोजेस्टेरॉनला अधिक प्रतिसाद देते. जनुक निकामी केलेले वाण अनेकदा मिश्र रक्ताचे असतात, त्यामुळे तुलनेसाठी त्याच वेतातील भावंडे घेणे उत्तम. दुसऱ्याच वसाहतीतून आणलेली मादी निरोगी म्हणून शेजारी ठेवली, तर निकालाचा अर्थच लागणार नाही.

पेशीजाल

होलमाउंटवाली यांनी प्रोजेस्टेरॉनचा विषय काढला आहे तर तुमच्या मूळ प्रश्नाशी त्याचा धागा जोडतो, कारण तिथेही अगदी हाच प्रकार आहे. प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर नसलेला उंदीर लायडन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तयार केला. त्याच्या नलिका वयात येताना नीट लांबतात, पण गर्भारपणातील संप्रेरके दिली तरी बाजूच्या फांद्या फुटत नाहीत आणि कोष्ठिका बनत नाहीत. १९९८ मध्ये मिश्रणाचा प्रयोग आधी याच रिसेप्टरवर झाला होता आणि रिसेप्टर नसलेल्या पेशी शेजारच्या निरोगी पेशींच्या संगतीत कोष्ठिकांपर्यंत पोचल्या होत्या. इस्ट्रोजेनचा प्रयोग नंतरचा.

इथे निरोप पोचवणारे मुख्य प्रथिन रँक-लिगँड. हाडे झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी घडवणारा रेणू म्हणून ते आधी माहीत होते. २००० मध्ये त्याचे जनुक नसलेल्या माद्यांना दुधाच्या कोष्ठिकाच येत नाहीत असे दिसले, तेव्हा हाडांवर काम करणाऱ्यांनाही आश्चर्य वाटले असणार. पिल्लांच्या दुधासाठी आईच्या हाडांतले कॅल्शियम वापरले जाते हे लक्षात घेता, दोन्हीकडे एकच रेणू असणे मला तरी फार अर्थपूर्ण वाटते, अर्थात हा माझा तर्क आहे. प्रोजेस्टेरॉन मिळाल्यावर रिसेप्टर असलेल्या पेशी रँक-लिगँड बनवतात आणि त्यामुळे शेजारच्या रिसेप्टर नसलेल्या पेशी विभागतात. गर्भारपणाच्या सुरुवातीला आणि डायइस्ट्रसमध्ये मूळपेशींचा साठा वाढतो तोही याच मार्गाने. त्या मूळपेशींत ना ईआर-अल्फा असतो, ना प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर.

क्रमही ध्यानात ठेवा. प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर पेशीत पुरेसा तयार होण्यासाठी आधी इस्ट्रोजेन मिळालेले असावे लागते. अंडाशय काढलेल्या मादीला थेट प्रोजेस्टेरॉन देऊन काही झाले नाही, तर त्यावरून ते संप्रेरक निरुपयोगी ठरत नाही. बहुतेक प्रयोगशाळा म्हणूनच आधी इस्ट्राडायॉल आणि मग दोन्ही मिळून असा क्रम ठेवतात.

मिलिंद_जीवतंत्र

एक बाळबोध प्रश्न विचारतो. प्रोलॅक्टिन हे फक्त दूध उतरण्यापुरतेच असते ना? मग नंदी यांच्या यादीत ते कोष्ठिका बनण्याच्या पायरीवरच कसे आले?

दुग्धपेशी

प्रोलॅक्टिन दूध उतरवते, पण तिथवर पोचण्याच्या वाटेवरही ते दोनदा भेटते. उंदरात समागमानंतर पीयूषिकेतून दिवसातून दोन वेळा प्रोलॅक्टिनचे लोंढे येतात, त्यामुळे अंडाशयातील पीतपिंड टिकतो आणि प्रोजेस्टेरॉन मिळत राहते. हा झाला अप्रत्यक्ष मार्ग. प्रोलॅक्टिनच्या रिसेप्टरचे जनुक निकामी असलेल्या माद्यांत गर्भच रुजत नाही, त्यामुळे त्यांच्या ग्रंथीतील दोष स्वतःचा की अंडाशयाच्या दुबळेपणामुळे, हे त्या माद्यांवरून ठरवता येईना. इथेही मदतीला आली ती रिकामी फॅट पॅड. रिसेप्टर नसलेले एपिथेलियम निरोगी मादीत रोवले तेव्हा नलिका आणि बाजूच्या फांद्या व्यवस्थित आल्या, पण गर्भारपणात दूध बनवणाऱ्या कोष्ठिका आल्या नाहीत. म्हणजे कोष्ठिकांसाठी प्रोलॅक्टिनचा संदेश एपिथेलियमला थेट मिळावा लागतो. पेशीच्या आत हा संदेश जॅक-२ या प्रथिनाकडून स्टॅट-५ या प्रथिनाकडे जातो, आणि १९९७ मध्ये स्टॅट-५-ए नसलेल्या माद्यांना प्रसूतीनंतर दूध येत नाही हे दाखवले गेले.

त्याच वर्षीच्या प्रोलॅक्टिन-रिसेप्टरच्या निबंधातील एक निरीक्षण मला विशेष आवडते. रिसेप्टरच्या जनुकाची एकच चांगली प्रत असलेल्या माद्यांना पहिल्या वेतात पिल्ले पोसता आली नाहीत, पण दुसऱ्या वेतात दूध आले. रिसेप्टर निम्माच असला तरी दोन गर्भारपणांची वाढ एकावर एक साचून तूट भरून निघाली, असा त्याचा अर्थ लावता येतो. म्हणून वाण दुधाला कमी आहे असे पहिल्या वेतावरून कधीही ठरवू नये.

प्रसूतीच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन एकदम उतरते आणि त्यामुळेच दुधाचे खरे उत्पादन सुरू होते. तोवर प्रोलॅक्टिन असूनही हात आखडता असतो. आणि दूध बनणे वेगळे, पान्हा फुटणे वेगळे. ऑक्सिटोसिनचे जनुक नसलेली मादी गर्भ धरते, प्रसवते, पिल्लांना जवळही घेते, ग्रंथीत दूधही असते, पण ते बाहेर येत नाही आणि पिल्ले एका दिवसात दगावतात. प्राणीगृहात काम करणाऱ्यांना हे तपासण्याची सोपी खूण ठाऊक असते: नवजात पिल्लाच्या पातळ कातडीतून पोटाच्या डाव्या बाजूला दुधाचा पांढरा पट्टा दिसतो, आणि उपाशी पिल्लाच्या पोटावर तो नसतो.

संप्रेरकांची सत्ता कुठे संपते तेही पाहण्यासारखे आहे. पिल्ले तोडली की ग्रंथी मिटू लागते. याचे कारण प्रोलॅक्टिन घटले एवढेच असेल, तर सगळ्या ग्रंथी एकदमच मिटायला हव्यात. परंतु आई पिल्लांना पाजत असताना तिची काहीच स्तनाग्रे बंद केली, तर संप्रेरके रक्तात सर्वत्र सारखी असूनही फक्त त्याच ग्रंथींतील पेशी मरू लागतात. साचलेले दूधच तो इशारा देते. पहिल्या दोन दिवसांत पिल्ले परत दिली तर ग्रंथी सावरते, त्यानंतर मात्र भोवतालचा आधारच मोडू लागतो आणि परतीची वाट बंद होते.

खारघरचा_वाचक

चर्चा उत्तम चालली आहे. थोडे विषयाच्या कडेने जातो. उंदराची स्तनग्रंथी आणि संप्रेरके यांवर मुंबईत फार पूर्वी मोठे काम झाले आहे, हे नव्या विद्यार्थ्यांना माहीत असावे. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. कमल रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध उंदरांवर अभ्यासला, आणि त्या संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा आयसीआरसी हा उंदरांचा वाण स्तनाच्या गाठींच्या अभ्यासासाठी वापरला गेला. त्या काळी हा प्रश्न जगभर तापलेला होता. फ्रान्समध्ये लाकासान्य यांनी १९३२ मध्ये नर उंदरांना इस्ट्रोजेन टोचून त्यांच्यात स्तनाच्या गाठी निर्माण केल्या होत्या, आणि १९३६ मध्ये अमेरिकेत बिटनर यांनी आईच्या दुधातून पिल्लांकडे जाणारा गाठींचा घटक दाखवला, तो पुढे विषाणू ठरला. वैदेही, तुमच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत रणदिवे यांच्या कामाला दोन ओळी जरूर द्या.

मिलिंद_जीवतंत्र

नराला गाठी? नर उंदराला तर स्तनाग्रेच नसतात ना?

अंतःस्रावी

स्तनाग्रे नसतात हे खरे, पण अनेक नरांत नलिकांचा लहानसा अवशेष उरतो आणि इस्ट्रोजेन मिळाले तर तो वाढतो. स्तनाग्रे का नसतात, त्यालाही संप्रेरकच कारण आहे. गर्भाच्या सुमारे अकराव्या-बाराव्या दिवशी नर आणि मादी दोघांतही स्तनग्रंथीच्या पाच जोड्यांच्या कळ्या सारख्याच उमटतात आणि त्यासाठी अंडाशयातील कुठलेही संप्रेरक लागत नाही. साधारण चौदाव्या दिवशी नर गर्भाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन येऊ लागते, कळीभोवतीचा स्ट्रोमा तिच्या देठाशी दाटतो आणि देठ तुटतो. क्राटोख्विल यांनी १९७० च्या दशकात टेस्टोस्टेरॉनला प्रतिसाद न देणाऱ्या उंदराच्या ऊती निरोगी ऊतींशी जोडून पाहिल्या, तेव्हा पुरुषसंप्रेरकाचा रिसेप्टर स्ट्रोमात असला की कळी तुटते आणि फक्त एपिथेलियममध्ये असला तर तुटत नाही, असे निघाले. म्हणजे गर्भावस्थेत संप्रेरक ऐकणारा स्ट्रोमा, वयात येताना ऐकणारे एपिथेलियम. पण दोन्ही वेळा परिणाम शेजारच्या ऊतीत दिसतो. माणसात पुरुषालाही स्तनाग्रे असतात, तेव्हा उंदरावरून माणसाबद्दल अनुमान काढताना हात आवरता घ्यावा. स्ट्रोमाचेही तसेच आहे. उंदरात तो मुख्यतः चरबीचा असतो, तर स्त्रीच्या स्तनात नलिकांभोवती तंतुमय ऊतीचे जाड वेष्टण असते.

वैदेही_प्राणि

सर्वांचे आभार. वहीत पाहिले, होलमाउंटवाली यांचा अंदाज खरा आहे, ऋतुचक्राची नोंद नाही. त्या बारा आठवड्यांच्या माद्या मी प्रबंधातून वगळते आहे आणि नव्या गटासाठी आमच्या प्राणी-नीतिमत्ता समितीकडे अर्ज करते आहे. अंडाशय काढलेल्या माद्यांच्या गटात एका बाजूच्या ग्रंथीत इस्ट्राडायॉलची गोळी ठेवण्याचा विचार आहे. नियंत्रण म्हणून दुसऱ्या बाजूची ग्रंथी पुरेशी होईल का?

होलमाउंटवाली

दुसऱ्या बाजूला रिकामी गोळी बसवा, म्हणजे शस्त्रक्रियेच्या जखमेचा परिणाम वेगळा काढता येईल. शिवाय त्या मादीचे गर्भाशय बाहेर काढून वजन करायला विसरू नका. अंडाशय काढलेल्या मादीचे गर्भाशय दोऱ्यासारखे बारीक होते. ते फुगलेले आढळले, तर गोळीतील इस्ट्राडायॉल रक्तात उतरले आहे असे समजावे, आणि मग दुसऱ्या बाजूची ग्रंथी नियंत्रण म्हणून धरता येणार नाही. लांबी मोजताना स्तनाग्रापासून न मोजता लसीका गाठीच्या मध्यापासून सर्वांत पुढच्या टोकापर्यंत मोजा आणि एंड बड म्हणून फक्त शंभर मायक्रॉनहून रुंद टोकेच धरा. काचपट्ट्यांवरची नावे झाकून मोजणी दुसऱ्या कोणाकडून करून घेतलीत तर परीक्षकांना शंका घ्यायला जागाच राहणार नाही.